चौफेर नमस्कार

ही गोष्ट गेल्या वर्षी पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्रौपदाबाई शेवाळे यांच्याकडून ऐकलेली आहे. त्या पूर्वी बालवाडीत शिकवत असत, आणि त्यांना ती त्यांच्या आईने सांगितली होती. गावाचे नाव त्यांनी घेतले नाही. म्हणून येथेही ते दिलेले नाही.

फार पूर्वी एका टेकडीच्या उतारावर एक गाव होते. गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. बैलांच्या शर्यतीपासून पंगतीतल्या जागेपर्यंत त्यांचे कशावरूनही बिनसे. शाळा मात्र एकच होती, आणि ती साऱ्या गावाची होती.

जत्रेच्या दिवशी दोन्ही आळ्यांच्या उंच, सजवलेल्या काठ्या देवळाकडे निघत. पुढे कोणाची काठी, यावरून एके काळी डोकी फुटली होती. तेव्हा जुन्या जाणत्यांनी एक तोड काढली. सर्वांत पुढे शाळेचे लेझीम पथक चालेल, आणि त्याच्या मागून दोन्ही काठ्या जोडीने येतील. मुलांच्या मागे चालण्यात कोणालाच कमीपणा वाटत नसे. देवळापुढे खेळ संपला की मुले गोल कडे करत, तोंडे बाहेरच्या बाजूला वळवत आणि चौफेर वाकून नमस्कार करत. त्यामुळे भोवती उभा असलेला प्रत्येक माणूस म्हणे, "मला केला."

पथक शाळेच्या गुरुजींनी जिवापाड जपले होते. फक्त लेझमी जुन्या झाल्या होत्या. साखळ्या तुटल्या होत्या, चकत्यांना गंज चढला होता.

एके वर्षी गावाचा कारभारी निवडायचा होता. वरच्या आळीतून अण्णा उभे राहिले, खालच्या आळीतून तात्या. एका दुपारी अण्णा शाळेत आले. मागे गडी होता आणि गड्याच्या डोक्यावर भले मोठे गाठोडे.

"गुरुजी, चाळीस कोऱ्या लेझमी आहेत. वर हे पिवळे फेटे. परवा आमची सभा आहे, तेवढी पोरं पाठवा."

"सभा तुमच्या पक्षाची आहे, अण्णा. पोरं शाळेची आहेत."

"अहो, पोरं काय भाषण करणार आहेत? नाचतील, लाडू खातील, घरी जातील. आणि तुमच्या त्या जुन्या लेझमी! वाजतात कमी, खोकतात जास्त."

वर्गात खसखस पिकली. गुरुजींनाही हसू आवरले नाही. त्यांनी एक कोरी लेझीम हातात घेऊन हलवली. तिचा खणखणीत नाद ऐकून चाळीस माना एकदम वर झाल्या. गुरुजी म्हणाले, "एक अट आहे. पोरांच्या तोंडी घोषणा नको." अण्णांनी ती तत्काळ मान्य केली, आणि आपण शाळेची मर्यादा राखली, असे गुरुजींना मनापासून वाटले.

सभेत खेळ रंगला. शिट्टी कुंतीच्या हातात होती. ती खालच्या आळीतल्या सुताराची मुलगी. शेवटच्या नमस्काराची वेळ आली, तेव्हा ती धावत गुरुजींपाशी आली.

"गुरुजी, कडं करायला जागाच नाय. मागं समदी माणसं बसल्यात. नमस्कार कसा करायचा?"

गुरुजी बोलण्याआधीच अण्णांचा पुतण्या ओरडला, "रांगेत उभे राहा आणि मंचाकडे वळा! पाहुणे काय तुमच्या पाठी बघायला आलेत?"

कुंतीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती गुरुजींच्या तोंडाकडे पाहत राहिली. 'खेळ थांबव' एवढे दोन शब्द पुरे होते. पण उन्हात लेझमी चकाकत होत्या, आणि मंचावरून अण्णा कौतुकाने हसत होते.

"आजच्यापुरतं तसं कर, बाळ," गुरुजी म्हणाले.

शिट्टी वाजली. चाळीस पिवळे फेटे एका रांगेत मंचापुढे वाकले. टाळ्यांचा कडकडाट झाला. चिंचेखाली कुंतीचा बाप उभा होता. त्याचे हात तेवढे हलले नाहीत.

ती निवडणूक कोण जिंकले, हे गोष्टीत कोणी सांगत नाही.

पंधरा दिवसांनी जत्रा आली. गुरुजींनी फेटे घरीच ठेवायला लावले. तरी पथकात सतरा मुले कमी भरली, आणि शिट्टीही नव्हती. मुले पुढे झाली, वरच्या आळीची काठी मागे निघाली. खालच्या आळीची मात्र वेशीतच थांबली.

सुतार पुढे आला. "गुरुजी, आम्ही अण्णांच्या पोरांमागनं चालायचं व्हय?"

"अहो, ही तुमचीच पोरं आहेत."

"व्हती. पण वाकली तवा एकाच अंगाला वाकली."

"चूक माझी आहे. पोरांची नाही."

"ते ठावं हाय," सुतार शांतपणे म्हणाला. त्याच्या मागे कुंती खाली मान घालून उभी होती. "तुमास्नी बोल लावून काय करू? ही पोरं पुन्यांदा समद्यांची कशी करायची, तेवढं सांगा."



त्या वर्षी वरची काठी सकाळी देवळात गेली आणि खालची तिसऱ्या प्रहरी. पुढच्या वर्षी दोन आळ्यांची दोन पथके झाली, एकाचे फेटे पिवळे, दुसऱ्याचे जांभळे. वर्गातही मुले दोन बाजूंना बसू लागली. गुरुजींनी कोऱ्या लेझमी परत केल्या, जुन्यांच्या साखळ्या स्वतः जोडल्या, आणि दर जत्रेला त्या चाळीसच्या चाळीस घेऊन ते वेशीत उभे राहत. तिकडे कोणी वळत नसे.

तात्पर्य: जी मुले साऱ्या गावाची म्हणून सोपवलेली असतात, त्यांना एका बाजूपुढे वाकवण्याचा अधिकार गुरूलाही नाही, कारण ती सर्वांची राहतात तोवरच सर्व जण त्यांच्या मागे चालतात.

एका वर्षी कुंती एकटीच वेशीत आली, तिने जुनी लेझीम उचलली आणि गुरुजींसह चौफेर नमस्कार केला, असेही काही जण सांगतात. द्रौपदाबाईंच्या आईने मात्र तसे सांगितले नव्हते, आणि पुष्कळ विचारपूस करूनही एवढ्या भागाची खातरजमा कधीच होऊ शकली नाही.