ठेचलेलं कार्ड

ओळीनं लावलेला साग ठरावीक वर्षांनी तोडायचा आणि पुन्हा लावायचा, अशा एका रानात एकदा एक वृद्ध प्राणिशास्त्रज्ञ येऊन राहिले. लागवडीच्या जंगलात कोणती जनावरं तग धरतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. सगळे त्यांना आचार्य म्हणत. त्यांचा शिष्य हेरंब झाडांना कॅमेरे बांधी. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप छायाचित्र टिपी.

उन्हाळा सरता सरता एका कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर चौसिंगा सापडला. इतका बुजरा प्राणी, आणि तोही नव्या सागात! हेरंबला आनंद आवरेना. त्यानं लॅपटॉप तळावरच्या मंडळींपुढे ठेवला. चित्रं सरकवताना त्यांच्यातल्या ड्रायव्हरला भलतंच दिसलं. झुडपाआड विधीला बसलेली गावातली झेलीबाई. तो हसला, त्यानं मोबाइलवर त्या चित्राचा फोटो घेतला. हेरंबला ते रुचलं नाही. पण तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावभर झाला.

झेलीबाई तळावर आली.

"वाघाच्या वाटेनं उमर गेली माही, भेव नाही वाटलं. आता रानातल्या झाडायचंच भेव वाटते!"

आचार्यांनी लॅपटॉपमधून कार्ड काढलं, पायरीवर ठेवलं आणि तिच्या डोळ्यांदेखत दगडानं ठेचलं. त्याची नक्कल कुठेच नव्हती. मग हात जोडून ते म्हणाले, "बाई, अपराध आमचा आहे. त्या ड्रायव्हरची तक्रार द्यायला मी तुमच्यासोबत ठाण्यात येतो."

ते ठाण्यातून परतले, तेव्हा हेरंब धुमसत होता. "आचार्य, तेवढा एक फोटो पुसला असता की! त्या कार्डावरचं अख्ख्या उन्हाळ्याचं काम मातीत गेलं!"

"पुसला, हे तिला कसं कळलं असतं?"

"आपण सांगितलं असतं."

"आपण!" आचार्य कडाडले. "आपल्याच तळावर तिची अब्रू हसण्यावारी गेली, आणि आपल्याच शब्दावर तिनं विसंबायचं? जनावर बिचकू नये म्हणून तू कॅमेऱ्याचा उजेडसुद्धा झाकलास. वनखात्याची परवानगी आणलीस. त्या वाटेनं रोज सरपणाला जाणाऱ्या बाईला मात्र एका शब्दानं विचारलं नाहीस. आणि ड्रायव्हर हसला, तेव्हा तुझी जीभ कुठे होती?"



सकाळी हेरंब गावात गेला. बायकांना सोबत घेऊन त्यानं रानातला एकेक कॅमेरा दाखवला. "कुठले काढू, तुम्हीच सांगा." पाणवठ्यावरचा त्यांनी राहू दिला. सरपणाच्या वाटेवर मात्र झेलीबाईनं त्याला पुढे होऊ दिलं नाही. तिनं स्वतः पट्टा सोडला, कॅमेरा त्याच्या हातात ठेवला आणि ती चालू लागली. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. म्हणावं, अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढं हेरंबला उमगलं होतं.

कुणाच्या वाटेवर डोळे लावण्याआधी त्याला विचारावं लागतं. ज्ञानाचं निमित्त तिथे पुरत नाही.