दोन पावलांपुरती माती

अहो मोहितेवहिनी, तिथे पाय नका ठेवू! नाही नाही, दंडबिंड काही नाही. ठेवत नाही कुणी, एवढंच. या सगळे इकडे, कबुतरं कुठे पळून जात नाहीत.

बघा, एवढा नावाजलेला चौक, या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी फरशी आणि बरोबर मधोमध ही उघडी माती. लहान मुलाची दोन पावलं मावतील एवढीच. गाइड म्हणून मला या परक्या शहरात एकतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात दोनदा फरशी उकरून नवी बसवली, पण ही जागा कुणी झाकली नाही. तिची गोष्ट मला माझ्या घरमालकीणबाईंनी सांगितली. खरीखोटी त्यांनाच ठाऊक.

फार पूर्वी म्हणे शहरात साथ आली होती. या चौकाची फरशी तेव्हा बसत होती आणि ते काम करणाऱ्यांत बार्बोरा नावाची एक बाई होती. नवरा पाथरवट, तो साथीत गेला, म्हणून त्याचा हातोडा हिने उचलला. एकुलती एक मुलगी, लिडका, सहा वर्षांची. तीही तापाने फणफणली. तेव्हा बार्बोरा समोरच्या त्या चर्चमध्ये जाऊन नवस बोलली, की पोर वाचू दे, या पायरीपासून विहिरीपर्यंतची ओळ मी एकटी बसवीन आणि ती पुरी होईपर्यंत मान वर करणार नाही, तोंडातून शब्द काढणार नाही. आपल्याकडच्या बायका मौन धरतात ना, तसंच.

मुलीला शेजारणीकडे सोपवून ती पहाटेच कामाला बसली. गुडघ्यांवर सरकत एकेक दगड ठोकत राहिली. आणि काय सांगू, दुपारपर्यंत पोरीचा ताप खरंच उतरला. शेजारणीचा डोळा लागलेला पाहून ती अनवाणीच इथे आली. अंगावर साथीचे फोड मात्र अजून होते. आईच्या पुढ्यात उभी राहून म्हणाली, "आई, मी बरी झाले."

बार्बोराला दिसली ती फक्त पावलं. डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं, म्हणजे लिडकाच. तिचा जीव किती गलबलला असेल! पण विहीर चार हातांवर राहिली होती. आता वर पाहिलं तर देवाने दिलेलं देव परत नेईल, ही भीती. ती पावलांच्या कडेकडेने दगड लावत राहिली.

तेवढ्यात साथीचे शिपाई आले. रस्त्यात आजारी माणूस दिसलं आणि घरचं कुणी पुढे आलं, तर ते त्याला घरात कोंडून ठेवत. नाहीतर वेशीबाहेरच्या छपरात नेत. तिथून कुणी परतलेलं नव्हतं.

शिपायाने विचारलं, "कुणाचं हे लेकरू?"

"ही माझी आई," लिडका म्हणाली.

बार्बोराचा हातोडा थांबला. मान मात्र खालीच. शिपायाने तीनदा विचारलं. चौक माणसांनी भरलेला, सगळे तिला ओळखणारे, पण आजाराच्या भयाने एकाचंही तोंड उघडलं नाही. मेले सगळे दगडासारखे उभे! तापात बरळतंय पोर, असं म्हणून शिपायांनी तिला उचललं.

बार्बोराने ओळ विहिरीला नेऊन भिडवली, बोटं फुटून रक्त येईपर्यंत. राहिली ती पावलांपुरती जागा. तिथे दगड ठेवायला हात गेला आणि तिथेच अडला. तेव्हा तिने मान वर केली आणि किंचाळली, "माझं! माझं लेकरू!" वेशीचं दार बंद झालं होतं. साथ संपल्यावर ते उघडलं, तेव्हा छपरात मोजकी हाडं होती, कुणाची ते कळायला मार्ग नव्हता. तो दगड तिने मरेपर्यंत बसवला नाही. म्हणजे पोर तर गेलीच, आणि नवसही अपुराच राहिला.

मोहितेसाहेब, मोबाईल खिशात ठेवा. बारा वाजायला एक मिनिट आहे. आजही बाराचे टोले पडले, की नगरपालिकेचा माणूस या मातीपाशी येतो आणि तीनदा विचारतो, "कुणाचं हे लेकरू?" चौकातल्या प्रत्येकाने "माझं" म्हणायचं. भाजीवाल्यांनी, पोलिसांनी, तुमच्याआमच्यासारख्या पाहुण्यांनीसुद्धा. मराठीत म्हटलं तरी चालतं.

मी एकतीस वर्षं म्हणतोय. सगळा चौक मोठ्याने म्हणतो हो, कान बधिर होतात. ऐकायला त्या मातीवर कुणी नसतं.