बंद काचांआडचं माप

“...पण मग काचा वर कशाला करताय, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद पुठ्ठा कापत होते.

“माप घ्यायचं तर माझ्यादेखत घ्या की. मी काय परका हाय?”

“उगं बोलत बसू नको,” उस्ताद म्हणाले. “चहा गार व्हायलाय.”

रणधीर कोळेकरनं चहा गिळला आणि रागही गिळला.

मिरजेच्या त्या गॅरेजात उस्ताद गाड्यांच्या आतलं काम करायचे. कुणाला गाडीत मोठा स्क्रीन बसवून हवा असला, की त्याची चौकट ते हातानं घडवायचे. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग फायबर, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायची आणि वरून रेक्झिन. रणधीर हे सगळं शिकला होता. घासकामात तर त्यानं उस्तादांनाही मागं टाकलं होतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

एकच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. साचा कापण्याआधी उस्ताद त्याला चहाला पिटाळायचे, गाडीत एकटे बसायचे, काचा वर करायचे... तो किटली घेऊन परत येईस्तोवर पुठ्ठ्यावर खुणा झालेल्या असायच्या.

आत काय चालायचं?

टपरी काही लांब नव्हती. पण तेवढ्या वाटेतही रणधीरच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. म्हातारा हातचं राखून शिकवतोय. खरी किल्ली आपल्या जावयासाठी ठेवली असणार. आणि जावयाला तर साधं रेक्झिन ताणता येत नाही!

संशयाला कारणही होतं. रणधीरनं बसवलेला स्क्रीन फोटोत असा दिसायचा, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. अगदी मधोमध, रेषेला रेष जुळलेली. पण गाडी नेलेलं गिऱ्हाईक काही दिवसांनी कुरकुरत परत यायचं. कुणाची मान अवघडायची, कुणाची नजर रस्त्यावरून ढळायची. उस्तादांचे स्क्रीन बाहेरून बघावेत तर तिरके, बेढब. त्यांचं गिऱ्हाईक मात्र परत यायचं ते पेढे घेऊन.

जयसिंगपूरला रणधीरनं स्वतःसाठी गाळा बघून ठेवला होता. दसऱ्याला नारळ फोडायचा. पण ती एक गोष्ट हाती लागली नाही, तर तिथंही गिऱ्हाईक कुरकुरत परत येणार आणि दुकान उभं राहायच्या आधीच बसणार. या भीतीनं त्याची झोप उडाली होती.

म्हणून, डॉक्टर पाटणकरबाईंची गाडी आली त्या सकाळी, त्यानं उस्तादांवर पाळत ठेवायचं ठरवलं.

बाई एकट्या गावोगावचे दवाखाने फिरायच्या. त्यांना रस्ता दाखवायला स्क्रीन हवा होता. उस्ताद यायच्या आधी रणधीर त्या गाडीत शिरला. व्हिडिओ घेणारा फोन लपवायचा कुठं? आरशापाशी लावला तर चटकन डोळ्यात भरेल. तो उस्तादांसारखी पाठ वाकवून बसला, त्यांच्यासारखा डावा गुडघा सैल सोडला. त्यांची नजर कुठं जाईल, हात कुठवर पोचेल, मान किती वळेल, याचा विचार करत राहिला... आणि जागा सापडली. गिअरच्या पुढचा लहानसा कप्पा. त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं झाकण कापलं, रेक्झिन चढवलं, कॅमेऱ्यापुरतं भोक ठेवलं. मागं फोन असा बसला, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

उस्ताद आले.

“चहा आण जा.”

रणधीर शीळ घालत गेला.

दुपारी उस्ताद नमाजाला गेले, तसा त्यानं फोन काढला.

व्हिडिओत उस्तादांनी काचा वर केल्या. सीट पुढं ओढली. पाटणकरबाई ठेंगण्या आणि उस्ताद चांगले उंच, त्यामुळे त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. तरी ते तसेच बसले. मग बंद गाडी चालवू लागले. आरशात बघितलं, क्लच दाबला. ओठ हलत होते.

मंत्र! रणधीरनं फोन कानाला लावला.

“खड्डा... म्हशी निघाल्या, थांब... दवाखान्याचा फोन वाजायलाय... वळणावर कोण आलं?”

बऱ्याच वेळानं उस्तादांनी न बघताच हात उचलला आणि तो हवेत एका जागी थांबला. तिथं त्यांनी पुठ्ठा धरला, खडूनं खूण केली.

संपलं.

रणधीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढंच? छे! म्हाताऱ्याला फोन दिसला असणार. मुद्दाम नाटक केलं.

उस्ताद परतले, तसा तो फोन नाचवत समोर उभा राहिला.

“खरं सांगा. हे दिसलं होतं न्हवं तुम्हाला?”

उस्तादांनी फोनमध्ये स्वतःला पाहिलं... कितीतरी वेळ पाहिलं.

आता आपल्याला हाकलून देणार, रणधीरला वाटलं. गाळाही गेला आणि गुरूही.

“कुठं लावला हुतास?”

“तुम्हीच सांगा की.”

उस्ताद गाडीत बसले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, हात फिरवला... शेवटी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. रणधीरनं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“जागा कशी हुडकलीस?”

“कशी म्हंजे? तुमच्यासारखा बसलो. तुमची नजर कुठं जाती ते बघितलं. दुसरं काय!”

उस्ताद खाली उतरले. सकाळचा खुणा केलेला पुठ्ठा त्यांनी उचलला आणि टरकन फाडला.

“अवो, ही बाईंची खूण हाय!”

उस्तादांनी कोरा पुठ्ठा आणि खडू त्याच्या हातात ठेवला. मग गाडीकडे बोट दाखवलं.

रणधीर आत बसला आणि सवयीनं सीट मागं सरकवली. उस्ताद नुसते सीटकडे बघत राहिले... त्यानं ती पुन्हा बाईंच्या बेतानं पुढं ओढली. गुडघे स्टिअरिंगला टेकले.

तरी मनातली पाल गप्प बसेना.

“उस्ताद... मला बनवत तर न्हाईसा?”

उस्तादांनी किटली उचलली.

“काचा वर कर,” ते म्हणाले. “चहाला मी जातो.”