जिवंत माणसाचं पुष्पचक्र

दारूबंदीच्या काळातल्या शिकागोत सरोवरावरून धुकं आलं की अख्खी गल्ली झोपेत चालल्यासारखी दिसे. गल्लीचा दादा सावेरिओ. तो ज्याला मारी, त्याच्या मयतीला सगळ्यात मोठं पुष्पचक्रही सावेरिओचंच. गल्लीतले म्हातारे ते बघून म्हणत, "केवढं मोठं मन!" लाज कोळून प्यालेली माणसं!

फुलवाल्या लिव्हियाच्या भावानं, एन्झोनं, सावेरिओची चोरटी दारू वाहायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी सावेरिओ तिच्या फुलांच्या दुकानात हजर.

"पोरी, उद्यासाठी पांढऱ्या गुलाबांचं चक्र कर. माझ्या नावाची पट्टी लाव."

"कुणासाठी?"

"उद्या कळेल."

तिला तेव्हाच कळलं. गुलाब गुंफताना सगळं दुकान धुक्यात तरंगतंय असं तिला वाटत राहिलं.

त्याच संध्याकाळी सावेरिओ चक्र बघायला आला. "कुठंय?"

"एन्झोच्या दारात. पोलीस चौकीवरून वाजतगाजत नेलं. सगळ्यांनी तुमचं नाव वाचलं."

"अगं, तो जिवंत आहे!"

"तेच तर. मेल्यावर आलं असतं तर दुखवटा झाला असता. आधी आलं, म्हणून कबुली झाली. आता त्याला जपा, दादा."

त्या हिवाळ्यात एन्झो बर्फावर घसरला, तेव्हा त्याला सावरायला सावेरिओचीच दोन माणसं धावली.