खालचा माळ

प्राण्यांनाही चेंडूचं वेड होतं, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या मैदानावर सामने पाहायला सारं रान लोटे आणि येणारा प्रत्येक जण संघांसाठी धान्य घेऊन येई. शेवटी राहणाऱ्या संघाला मात्र पुढच्या वर्षी खालच्या माळावर खेळावं लागे. तिथे कुणी फिरकत नसे.

टेंभुर्णी संघाचं कोठार झिपरी नावाची खार सांभाळायची. संघाचा मुखिया दंताजी रानडुक्कर. त्याने तरसाकडून उसनं धान्य घेऊन एक चपळ काळवीट तीन वर्षांच्या करारावर आणला.

"दंताजीकाका, आपण खाली गेलो तर?" झिपरीने विचारलं.

"अभद्र बोलू नकोस, पोरी."

शेवटचा सामना ते हरले. माळावर आल्यावर कोठार बघता बघता रिकामं झालं. काळवीट तरीही करारात ठरलेली आपली धान्याची टोपली मागायला येतच राहिला. मग तरस कोठाराच्या झाडाखाली येऊन बसू लागला. तो वरच्या घरट्यांकडे बघत राही. त्यांतल्याच एका घरट्यात झिपरीची पिल्लं होती.

एके सकाळी दंताजी तरसाला म्हणाला, "अजून एक काळवीट आणला की आम्ही पुन्हा वर. तेवढं धान्य द्या."

"देतो की. पण गहाण काय ठेवता?"

दंताजीची नजर हळूहळू झाडावर चढली.

झिपरी उत्तर ऐकायला थांबली नाही. एकेक पिल्लू तोंडात धरून ती पलीकडच्या झाडावर नेऊ लागली. शेवटचं पिल्लू उचलताना तिला खालून दंताजीचा आवाज आला,

"घरटी चालतील?"