उशाचा दगड

येणकी गावाबाहेरच्या माळावर विरूपनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खणांची खोली आणि दारात कडुनिंब. महाराज भुईवर निजत आणि उशाला एक काळा दगड घेत.

दर गुरुवारी खाणीवरचा तिमाप्पा वडार दर्शनाला येई. नारळाऐवजी तो स्वतः घडवलेला एक दगड वाही. हातचं तेवढंच त्याच्याकडे होतं. पहिल्याच खेपेला महाराज म्हणाले होते, "एक तोंड दोन बोटं अरुंद ठेवत जा." कशासाठी, हे तिमाप्पाने विचारलं नाही. सव्वा वर्षात मठामागे तसल्या दगडांची रास झाली.

रंगराव देशमुख तिथून जाताना हटकून घोडं थांबवत, निमुळता दगड पाहून विचारत, "तिम्या, हात वाकडा झाला की नजर?" आणि बरोबरचे लोक हसत. तिमाप्पा मान खाली घाली. ओढ्यावरची मोरी, गाड्या जायचा छोटा पूल, देशमुखांनीच बांधली होती. वर लांब फरश्या होत्या आणि पहिल्या फरशीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं.

एका गुरुवारी वादळ झालं. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी थांबला, तेव्हा मोरीच्या दोन भिंती तेवढ्या उभ्या होत्या. फरश्या नावासकट वाहून गेल्या होत्या. ओढ्यापलीकडे, नदीकाठी, देशमुखांच्या कोठारात साऱ्या गावाची वर्षाची ज्वारी होती. नदी चढत होती. दिवस मावळेपर्यंत पाणी कोठारात शिरणार, हे कुणी सांगायला नको होतं.

डोक्यावरून पोती आणून किती आणणार? फळ्या टाकून गाडी घालून पाहिली. फळी मोडली, बैल जेमतेम वाचला. लांब फरशी मिळायची तर दहा कोसांवर. देशमुख मठात आले, पण नमस्कार न करता उभे राहिले.

महाराज मागोमाग आलेल्या तिमाप्पाला म्हणाले, "देशमुखांच्या गाड्यांची चार चाकं काढ आणि तुझे दगड घेऊन जा."

तिमाप्पाने चाकं ओढ्यात, मोरीच्या दोन भिंतींमध्ये, एकामागे एक उभी केली, खाली पाचरी ठोकल्या. आऱ्यांमधून पाणी वाहत राहिलं. वर फळकुटं टाकून त्याने पहिला दगड गोलाईवर टेकवला, शेजारी दुसरा. दोहोंत सुई जाईना. सव्वा वर्ष आपण कमान घडवत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

"कोसळली तर?" देशमुखांनी विचारलं.

"खाली मीच असणार, मालक."

माणसं रांगेने दगड देऊ लागली. प्रत्येक ओळीत तेरा दगड, अशा पाच ओळी. उन्हं कलली. पाणी कोठाराच्या पायरीला लागल्याची हाक पलीकडून आली. आणि शेवटच्या ओळीच्या मधोमध एक खाच रिकामी राहिली. दगड संपले होते.

तिमाप्पाने बोटांवर गुरुवार मोजले. कालचा गुरुवार. वादळामुळे तो मठात गेलाच नव्हता. नवा दगड घडवायला अर्धा दिवस लागला असता, आणि मधल्या दगडावाचून कमान उभी राहत नाही.

हे त्याने सांगताच देशमुख स्वतः मठाकडे धावले. महाराजांनी उशाचा दगड उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "न्या. डोक्यावर न्या, हातात पेलायचा नाही."

पागोटं मठातच राहिलं. चिखलातून, घसरत, डोक्यावर दगड घेऊन येणारे देशमुख गावाने प्रथमच पाहिले. वीस वर्षं महाराजांच्या मानेखाली झिजलेला तो दगड खाचेत बसला तो असा, की हातोडीचा एकच ठोका पुरला.

तिमाप्पा कमानीखाली शिरला. एकेक पाचर निघाली, चाकं खाली बसली. कमानीतून बारीक करकर आली आणि थांबली. वर मुरूम पडला. पहिली गाडी गेली तेव्हाही तिमाप्पा खालीच, दगडाला तळहात लावून उभा होता. दिवस मावळताना शेवटचं पोतं अलीकडे आलं. पाठोपाठ नदी कोठारात शिरली.

पुढच्या गुरुवारी देशमुख मठात चालत आले. दोन्ही तळहातांना फोड होते, खांद्यावर एक ओबडधोबड दगड होता.

"महाराज, उशाला. तिमाप्पाच्या हाताखाली घडवला. वाकडा झालाय."

महाराज हसले आणि दगड डोक्याखाली घेऊन आडवे झाले. "टोचतो थोडा. पण झोप लागेल."

देशमुखांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून, दाराशी अंग चोरून बसलेल्या तिमाप्पापाशी गेले आणि त्याने पाय मागे घेण्याआधीच वाकले.