नकार कुणाचा

“मग त्या बाईच्या कार्डाला ‘नाही’ म्हणालं कोण?” भन्ते धम्मसार यांनी विचारलं.

विहाराच्या पायरीवर संघपाल वाहुळे बसला होता. एका मोठ्या बँकेत क्रेडिट कार्डांवरची फसवणूक रोखणारा अधिकारी. आपल्या हुशारीचा त्याला अभिमान होता.

“दुकानातलं मशीन नाही, भन्ते. ते फक्त विचारतं. दुकानदाराची बँक कार्ड कंपनीला विचारते, कंपनी आम्हाला विचारते. आमचा संगणक उत्तर देतो, आणि ते त्याच वाटेनं परत जातं. सगळं दोन सेकंदांत.”

“संगणकाला कोण सांगतं?”

“मी… परगावी अचानक मोठी खरेदी झाली, तर नकार द्यायचा. नियम माझाच. शेकडो चोर अडवलेत त्यानं.”

“ती बाई चोर होती?”

“नाही. परगावच्या औषधाच्या दुकानात उभी होती. नवऱ्याचं इंजेक्शन घ्यायला. तीनदा कार्ड लावलं, तीनदा नकार गेला. मग तिनं बँकेत फोन केला. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे तपासायला आलं. ती रडत नव्हती, भन्ते. हळूच म्हणत होती, ‘बिलं वेळेवर भरते हो मी, मग का चालत नाही?’ कार्ड सुरू व्हायला चाळीस मिनिटं गेली.”

“आणि नवरा?”

संघपाल चपलेचा पट्टा ठीक करू लागला.

“वाचला का?”

“माहीत नाही… मी विचारलंच नाही.”

“किती दिवस झाले?”

“अकरा. कुठल्याही दुकानात ते मशीन वाजलं, की काही न घेताच बाहेर पडतो. जेवण जात नाही. एवढंच सांगा, भन्ते… दोष माझा, की नियमाचा?”

भन्तेंनी उलट विचारलं, “तिचा नंबर आहे?”

“आहे. पण…”

“लाव.”

संघपालनं फोन काढला. नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

पलीकडे घंटी वाजू लागली. चौथ्या घंटीला त्याचा अंगठा फोन बंद करायला सरकला. भन्तेंनी त्याचं मनगट धरलं.

“हॅलो?” बाईचा आवाज आला. “कोण बोलतंय?”

संघपालनं फोन कानापासून दूर धरला.

“हॅलो… कोण?”

त्यानं फोनवर हात ठेवला. “काय सांगू, भन्ते?”

“नाव सांग,” भन्ते म्हणाले. “तुझं. बँकेचं नको.”